मंद केलेल्या एलईडीचा उजेड मोजताना आकडा दर वेळी वेगळा का येतो?

सदाशिव पेठेत माझ्या ताईची अभ्यासिका आहे. चोवीस टेबलं, आठ-आठच्या तीन रांगा. येणारी बहुतेक मुलं-मुली राज्यसेवेची नाहीतर बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी. विजेचं सगळं काम माझ्याकडे असतं. प्रत्येक टेबलावर फळीखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी आहे आणि तिला एक छोटा डिमर आहे, कारण सकाळी सातला येणाऱ्याला जेवढा उजेड लागतो तेवढा रात्री एकपर्यंत वाचत बसलेल्याच्या डोळ्यांना सोसत नाही.

डिमर बसवले आणि तक्रार सुरू झाली. "काका, माझ्या टेबलावर शेजारच्यापेक्षा उजेड कमी पडतो." मी फोनवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप घेऊन जायचो. या टेबलावर २८४, शेजारच्या टेबलावर २९०. म्हणजे फरक नाही, असं सांगून परत यायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच मुलगा त्याच्या फोनवर १९६ दाखवायचा. मग पट्टी बदल, डिमर बदल, तापकीर गल्लीत एक चक्कर. दोन आठवडे शांततेत जायचे आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार, कधी त्याच टेबलाची, कधी दुसऱ्याच.

जवळजवळ दीड वर्ष हे असं चाललं. शेवटी लक्षात आलं की मोजण्यातल्या चुका आणि दिव्यातला खरा दोष, दोन्ही एकाच आकड्यात मिसळून येत होते. फोनवर अविश्वास दाखवला की खरा दोष निसटायचा, आणि फोनवर विश्वास ठेवला की चांगली पट्टी काढून फेकली जायची. हे दोन वेगळे कसे करायचे, ते इथे लिहितो आहे. घरात, दुकानात, मखरात, कुठेही मंद केलेले दिवे एकमेकांशी जुळवायचे असतील तर हेच लागू पडेल.

आधी फोन नीट ठेवा

लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा एक ल्युमेन प्रकाश. म्हणजे हा आकडा दिव्याचा नसतो, त्या जागेचा असतो. जागा थोडी हलली की आकडा हलतो, आणि तो आपल्याला वाटतो त्याच्या कितीतरी जास्त हलतो.

एका छोट्या बल्बखाली ४५ सेंटिमीटरवर फोन ठेवलाय असं समजा. तोच फोन चार सेंटिमीटर जाडीच्या पुस्तकावर ठेवला तर अंतर ४१ उरतं. उजेड अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणून आकडा वीस टक्क्यांनी वाढतो. दिवा तोच, डिमर तिथेच, फक्त खाली पुस्तक आलं. लांब पट्टीच्या बाबतीत वाढ यापेक्षा कमी, दहा टक्क्यांच्या जरा वर असते, पण तीही एका तक्रारीला पुरेशी आहे. शिवाय फोन किंचित कलला तरी फरक पडतो. वाकून स्क्रीन बघणाऱ्या माणसाच्या डोक्याची सावली पडते, आणि पांढरा शर्ट घातलेला माणूस जवळ उभा असेल तर त्याच्या शर्टावरून उलट उजेड येतो.

मी पुठ्ठ्याचा एक साचा केला. टेबलाच्या कडेला तो टेकतो आणि फोन प्रत्येक टेबलावर बरोबर त्याच जागी, त्याच उंचीवर बसतो. फोनचा प्रकाश-सेन्सर वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास असतो. साचा त्याच्या हिशेबाने करा, फोनच्या मध्याच्या नाही. सेन्सरवर बटर पेपरचा छोटा तुकडा सेलोटेपने चिकटवला. फोनचा सेन्सर तिरप्या उजेडाला नीट दाद देत नाही, आणि बटर पेपरमुळे सगळीकडचा उजेड मिसळून आत जातो. आकडा कमी येतो, पण आपल्याला दोन टेबलांची तुलनाच करायची असल्यामुळे त्याने बिघडत नाही.

खोलीतला बाकीचा उजेड वजा करायचा. प्रत्येक टेबलावर दोन आकडे घ्या, टेबलाचा दिवा चालू असताना आणि बंद असताना. चालू असताना २६२ आणि बंद असताना ११८ असेल, तर त्या दिव्याचा उजेड १४४ आहे. आमच्या खिडकीजवळच्या दोन टेबलांची "चांगली" म्हणून ख्याती होती. वजाबाकी केल्यावर त्यांचे दिवे सगळ्यात मंद निघाले.

आणखी एक. आयफोनवरची अ‍ॅप्स प्रकाश-सेन्सर थेट वाचू शकत नाहीत, ती कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. अँड्रॉइडवर सेन्सर वाचता येतो, पण प्रत्येक कंपनीचा सेन्सर वेगळा आणि त्यावरची काच वेगळी. म्हणून दोन फोनचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका. सगळी टेबलं एकाच फोनने मोजा.

फोन मंद उजेडात भरवशाचा आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. दोन दिवे घ्या. फक्त पहिला लावून आकडा लिहा, फक्त दुसरा लावून लिहा, मग दोन्ही लावून लिहा. अंधाऱ्या खोलीत ४० आणि ३८ आले असतील तर एकत्र ७८ च्या आसपास यायला हवेत. ९० किंवा ६५ आले, तर एवढ्या मंद उजेडात तो फोन प्रमाणात मोजत नाही. माझा जुना फोन १५ लक्सच्या खाली पायऱ्या-पायऱ्यांनीच आकडे दाखवायचा. अशा वेळी दोन्ही दिव्यांच्या सारखंच जवळ जाऊन मोजायचं, म्हणजे आकडे मोठे येतात आणि गुणोत्तर विश्वासाचं मिळतं.

मंद केल्यावरच आकडा का नाचतो

पूर्ण उजेडावर आकडा स्थिर असतो आणि नॉब खाली आणला की १३०, ९५, १४८ असा उड्या मारायला लागतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. कारण हे छोटे १२ व्होल्टचे डिमर पट्टीचा व्होल्टेज कमी करतच नाहीत. ते पट्टी सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात. वीस टक्क्यांवर ठेवलेली पट्टी पूर्ण जोराने जळत असते, पण वेळेच्या पाचव्या हिस्स्यापुरतीच.

आपल्या डोळ्यांना ही चालू-बंद वेगळी दिसत नाही. इतक्या वेगाने लुकलुकणारा दिवा आपल्याला त्याच्या सरासरीइतक्या स्थिर दिव्यासारखाच दिसतो. एकोणिसाव्या शतकात टॅल्बट आणि प्लॅटो यांनी हा नियम मांडला, आणि या सगळ्या कामात तो आपल्या बाजूचा आहे. मोजणाऱ्या यंत्रानेही तशीच सरासरी काढली पाहिजे, एवढीच अट. कॅमेऱ्यावर चालणारी अ‍ॅप्स तिथेच फसतात. डिमर सेकंदाला ५०० वेळा चालू-बंद करत असेल, तर एक फेरी दोन मिलिसेकंदांची. वीस टक्क्यांवर दिवा त्यातला ०.४ मिलिसेकंद जळतो आणि १.६ मिलिसेकंद बंद असतो. कॅमेऱ्याने एक मिलिसेकंदच डोळा उघडला, तर तो सगळा वेळ अंधारातही जाऊ शकतो. पुढच्या वेळी त्याला पूर्ण झोत सापडेल. हे दोन्ही आकडे त्या क्षणापुरते खरे असतात, पण तुलनेला एकही उपयोगाचा नाही.

तुमचा दिवा असा लुकलुकणारा आहे का, हे पेन्सिलीने कळतं. दिव्याखाली पेन्सिल जोरात इकडून तिकडे हलवा. एक सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तर दिवा लुकलुकतोय. डिमरचा वेग खूप जास्त असेल तर पेन्सिल फसते. मग फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड घ्या, शटर (कॅमेरा डोळा उघडा ठेवतो तो वेळ) १/२००० सेकंदावर आणा आणि दिव्याने उजळलेला पांढरा कागद बघा. दिवा लुकलुकत असेल तर कागदावर काळे आडवे पट्टे दिसतील.

उपाय म्हणजे मोजायचा वेळ लांबवणं. अ‍ॅपमध्ये सरासरीची सोय असेल तर ती दहा सेकंदांवर ठेवा, नसेल तर दहा आकडे लिहून हाताने सरासरी काढा. कॅमेराच वापरायचा असेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ, फोकस, रंग सगळं लॉक करा आणि शटर १/१० किंवा १/२० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे छतावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि या दोन्ही शटरमध्ये त्यांच्या पूर्ण फेऱ्या बसतात.

पण फोटोतल्या कागदाचा राखाडीपणा आकड्यात वाचून "हा अर्धा, म्हणजे उजेड अर्धा" असं धरू नका. फोन चित्र साठवताना उजेडाचं प्रमाण सरळ ठेवत नाही. त्याऐवजी शटर बदलून दोन्ही फोटो सारखे दिसेपर्यंत जुळवा. पहिल्या टेबलाला १/२० आणि दुसऱ्याला १/१० लागलं, तर दुसऱ्या टेबलावर उजेड निम्मा आहे.

मुलांचे डोळे चुकत नव्हते

दीड वर्ष मी मुलांना सांगत होतो की आकडा सारखा आहे, तुम्हाला उगीच कमी वाटतंय. ते बरोबर नव्हतं. एक म्हणजे डोळ्याला उजेड आकड्याच्या प्रमाणात दिसतच नाही. दिव्यांच्या व्यवसायात एक ढोबळ नियम वापरतात, दिसणारा उजेड मोजलेल्या उजेडाच्या वर्गमुळाइतका. मोजून २५ टक्के असलेला दिवा दिसायला अर्धा वाटतो. १० टक्के असलेला ३२ टक्के वाटतो आणि १ टक्का असलेला १० टक्के. म्हणूनच साध्या डिमरचा नॉब पाऊण फिरवला तरी उजेड निम्माच उतरल्यासारखा वाटतो आणि शेवटच्या चतुर्थांशात उरलेला सगळा उजेड एकदम पडतो. मोठ्या इमारतींमधल्या डॅली पद्धतीच्या डिमरमध्ये हे मुद्दाम सुधारलेलं असतं. त्यात २५४ पायऱ्या असतात, आणि १७० व्या पायरीवर प्रत्यक्ष उजेड जेमतेम १० टक्के असतो.

याचा उलटा अर्थ माझ्या ध्यानात उशिरा आला. मधे पार्टिशन असताना, मान वळवून पाहिल्यावरही एखाद्याला शेजारचा दिवा स्पष्ट जास्त वाटत असेल, तर खरा फरक दहा-बारा टक्क्यांचा नसतो, चांगला मोठा असतो. डोळा असा फरक सहज माफ करतो. त्याने माफ केला नाही, म्हणजे तक्रार गंभीर होती.

दुसरी गोष्ट तर आकड्यात कधी येणारच नव्हती. लक्स मीटर टेबलावर पडणारा उजेड मोजतो, आणि आपण बघतो तो टेबलावरून परत येणारा उजेड. आमच्या पहिल्या दोन रांगांत पांढरं सनमायका आहे, तिसऱ्या रांगेत गडद तपकिरी. तेवढेच लक्स पडूनही तिसरी रांग मंद दिसणारच. तिथे प्रत्येक टेबलावर वही-पुस्तकाखाली मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरला आणि निम्म्या तक्रारी त्या आठवड्यात थांबल्या. निम्म्या थांबल्या नाहीत, म्हणून पुढचं शोधावं लागलं.

तेलाच्या डागाची कसोटी

दोन दिवे एकमेकांशी जुळवायचे असतील, तर मला फोनपेक्षा हा कागद जास्त आवडतो. भजी गुंडाळून आणलेल्या कागदावरचा तेलाचा डाग सगळ्यांनी पाहिलाय. मागून उजेड आला की तो डाग उजळ दिसतो आणि पुढून उजेड आला की गडद. दोन्हीकडून सारखा उजेड आला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी याच गोष्टीवर प्रकाशमापक केला होता.

साध्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध गोडेतेलाचा एक थेंब टाका, टिपून घ्या, आणि कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत ताठ बसवा. दोन्ही दिवे समोरासमोर ठेवा, कागद मधे उभा. पट्टी लांब असेल तर काळ्या कागदाने झाकून फक्त पाच सेंटिमीटरची खिडकी मोकळी ठेवा, कारण हा हिशेब छोट्या दिव्यालाच नीट लागू होतो. दिव्याच्या आकाराच्या पाचपट तरी अंतर हवं. खोलीत बाकी अंधार करा. आता कागद मागे-पुढे सरकवा. डाग मावळला की थांबा आणि टेपने दोन्ही अंतरं मोजा.

पहिल्या दिव्यापासून ६० सेंटिमीटर आणि दुसऱ्यापासून ४२ आलं, तर ६० भागिले ४२, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण २.०४. पहिला दिवा दुसऱ्याच्या दुप्पट आहे. या पद्धतीत मला जमेची वाटते ती गोष्ट अशी की कितीही विचित्र डिमर असला तरी लुकलुकण्याचा त्रास होत नाही. सरासरी डोळाच काढतो. आणि दोन उजेड एकाच वेळी, एकमेकांना लागून बघायला मिळाले तर डोळा एक-दोन टक्क्यांचा फरकही पकडतो. तोच डोळा या खोलीतून त्या खोलीत जाऊन तुलना करायला लागला की काहीच सांगू शकत नाही.

कागदाच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून कागद उलटा फिरवून पुन्हा जुळवा आणि दोन उत्तरांची सरासरी घ्या. कागदापेक्षा चांगलं हवं असेल तर जाड पांढऱ्या मेणबत्तीचे दोन सारखे चौकोनी तुकडे कापा, मधे स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घाला आणि दोरा बांधा. कडेने पाहिलं की प्रत्येक तुकडा आपापल्या दिव्याने उजळतो, आणि दोन्ही तुकडे सारखे दिसले की मधली रेघ जवळपास दिसेनाशी होते.

दोन्ही दिव्यांचा रंग वेगळा असेल, एक पिवळसर ३००० केल्विनचा आणि दुसरा ६५०० चा पांढरा, तर डाग कधीच पूर्ण मावळणार नाही. एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने निळसर राहील. जिथे तो सगळ्यात कमी उठून दिसतो ती जागा धरा. फोनचंही इथे चालत नाही, कारण त्याचा सेन्सर रंगांना आपल्या डोळ्यांइतकंच वजन देत नाही. एका रांगेत एकाच रंगाच्या पट्ट्या ठेवा, हा माझा आता नियम आहे.

दिवे लावून अर्धा तास जाऊ द्या आणि मगच मोजा. एलईडी तापली की तिचा उजेड थोडा उतरतो, आणि एक दिवा गार व दुसरा तापलेला असेल तर तुलना तिथेच बिघडते.

दोष सापडला तो गणपतीत

गणपतीचे दिवस आले की आमची अभ्यासिका रिकामी होते. निम्मी मुलं गावी जातात, आणि राहतात त्यांनाही लक्ष्मी रस्त्यावरच्या ढोल-ताशांत वाचणं अवघड जातं. गेल्या वर्षी त्या दहा दिवसांत उजेडाची एकही तक्रार आली नाही. अनंत चतुर्दशी झाली, मुलं परतली आणि चार दिवसांत तिसऱ्या रांगेतल्या आठव्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, दिवा परत मंद झालाय."

पट्टीला काय माहीत गणपती संपले म्हणून? बदललं होतं ते एकच, रांगेत बसणाऱ्यांची संख्या.

त्या दिवशी मी साचा आठव्या टेबलावर चिकटवून ठेवला, नॉब पूर्ण वर, आणि दुपारी चारपासून दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत गेलो. समोरच्या रकान्यात रांगेतले किती दिवे चालू आहेत ते. एकच दिवा चालू असताना २८४. चार चालू झाले तेव्हा २४५ च्या आसपास. रात्री आठला रांग भरली तेव्हा १९६. म्हणजे मी दुपारी मोजलेला आकडाही खरा होता आणि त्या मुलाने संध्याकाळी दाखवलेलाही खरा होता.

मग मल्टिमीटर घेतला. रांगेच्या एका टोकाला असलेल्या पुरवठ्यावर १२ व्होल्ट बरोबर मिळत होते. भरलेल्या रांगेत पहिल्या टेबलाला ११.५ आणि आठव्या टेबलाला १०.९.

एक-सव्वा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. इथे तो किरकोळ का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांच्यासोबत एक रोधक. तीन एलईडींना मिळून साधारण ९.३ व्होल्ट लागतातच. उरलेले २.७ व्होल्ट रोधकावर पडतात, आणि पट्टीतून किती करंट जाणार ते या उरलेल्या भागावर ठरतं. पुरवठा १२ चा १०.९ झाला की २.७ चे १.६ उरतात. व्होल्टेज नऊ टक्क्यांनी पडला, पण उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

आणि व्होल्टेज पडत होता वायरीत. एका टेबलाची पट्टी ९ वॅटची, म्हणजे पाऊण अँपिअर. आठ टेबलांचे सहा अँपिअर. मी सुरुवातीला पाऊण एमएमची (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर छेदाची) वायर ओढली होती, जिचा रोध मीटरला ०.०२५ ओहमच्या आसपास असतो, आणि जाऊन-येऊन तो दुप्पट धरायचा. २३० व्होल्टच्या दिव्यांसाठी ती वायर भरपूर झाली असती. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टवर एकोणीसपट करंट लागतो, हा हिशेब मी वायर घेताना केला नव्हता.

डिमरमुळे हे आणखी लपलं. शेजाऱ्याने स्वतःचा दिवा मंद केला की रांगेतला करंट कमी होतो आणि माझ्या टेबलावरचा उजेड वाढतो, मी नॉबला हात न लावता. मोजायला गेलेला माणूस शेजारचा दिवा बंद करून मोजतो आणि त्याला सगळं ठीक दिसतं. तुमच्याकडे आकडा येरझाऱ्या घालत असेल, तर मोजताना बाकीचे दिवे ज्या स्थितीत नेहमी असतात त्याच स्थितीत ठेवा, आणि त्या स्थितीत शेवटच्या दिव्याच्या टोकांवर व्होल्टेज बघा. माझं हेच राहून गेलं होतं.

दुरुस्ती साधी निघाली. पुरवठा रांगेच्या टोकावरून उचलून मधे आणला, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार टेबलं, आणि अडीच एमएमची वायर ओढली. आता भरलेल्या रांगेत शेवटच्या टेबलावर व्होल्टेज जेमतेम ०.१ ने पडतो. आठव्या टेबलाचा आकडा रिकाम्या रांगेत ३१२ आणि भरलेल्या रांगेत ३०३. नव्याने काम करणाऱ्यांना मी २४ व्होल्टची पट्टी सुचवेन. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, आणि वायरीतल्या घटीचं प्रमाण चौथा हिस्सा होतं.

२३० व्होल्टच्या बल्बांबद्दल थोडं

ताईच्या ऑफिसच्या खोलीत भिंतीवरच्या डिमरवर दोन बल्ब आहेत. तिथला प्रकार वेगळा आहे. हा डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग कापतो, आणि कापलेल्या लहरीतून किती उजेड द्यायचा ते बल्बमधलं सर्किट आपल्या पद्धतीने ठरवतं. म्हणून एकाच डिमरवर दोन कंपन्यांचे बल्ब खाली आणले की वेगवेगळे मंद होतात. वरच्या टोकाला जुळले तरी खाली जुळतीलच असं नाही, म्हणून जिथे वापरणार त्याच पातळीवर तेलाचा कागद धरून बघा. उपाय एकच, दोन्ही बल्ब एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, आणि खोक्यावर डिमेबल लिहिलेले.

इथे मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून उजेडाचा अंदाज बांधू नका. साधा मल्टिमीटर पूर्ण लहर गृहीत धरून आकडा काढतो आणि कापलेल्या लहरीवर चुकतो. ट्रू आरएमएस मीटर व्होल्टेज बरोबर सांगेल, पण तो व्होल्टेज आणि बल्बचा उजेड यांचं नातं प्रत्येक बल्बात निराळं असतं. जुन्या डिमरना कमीत कमी ४०-६० वॅटचा भार लागतो, नऊ वॅटच्या एका बल्बवर ते थरथरतात किंवा मधेच विझतात. आणि पंख्याचा रेग्युलेटर एलईडीला लावू नका. बोर्डावर जागा रिकामी आहे म्हणून बरेच जण लावतात, पण तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

स्वतःचा मीटर हवा असेल तर

बुधवार पेठेत बीपीडब्ल्यू ३४ नावाचा फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा छोटा भाग) मिळतो. त्याच्या दोन पायांवर एक किलोओहमचा रोधक जोडा आणि रोधकावर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. आकडा शंभर मिलिव्होल्टच्या खाली ठेवला तर तो उजेडाच्या सरळ प्रमाणात चालतो, आणि डीसी मोडमधला मल्टिमीटर लुकलुकण्याची सरासरी आपोआप काढतो. लक्समध्ये उत्तर मिळत नाही, गुणोत्तर मात्र फोनपेक्षा खूप चांगलं मिळतं. एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रोधक) वापरू नका, त्याचा रोध उजेडाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. छोटा सोलर सेल असेल तर त्याचा व्होल्टेज मोजू नका, कारण उजेड निम्मा झाला तरी तो थोडासाच हलतो. मीटर करंटवर ठेवून थेट त्याच्या दोन टोकांना लावा.

आमच्याकडे आता प्रत्येक रांगेच्या शेवटी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तारीख, वेळ, टेबल, रांगेत चालू दिवे, दिवा चालू असतानाचा आकडा, बंद असतानाचा आकडा. साचा आणि ताईचा जुना फोन शेजारच्या खणात असतो. तक्रार असेल तर मुलं आधी स्वतः मोजून लिहितात आणि मग मला हाक मारतात. परवा दुसऱ्या रांगेतल्या पाचव्या टेबलाची नोंद सापडली, सगळे दिवे चालू असताना शेजारच्यांपेक्षा चाळीसने कमी आणि रांग रिकामी असतानाही तेवढीच कमी. वायर असती तर रिकाम्या रांगेत फरक मिटला असता. डिमरचा स्क्रू उघडला, आतली तार अर्धी सुटलेली होती. ती घट्ट केली आणि वहीत खाली तारीख टाकली.